खंडपीठाआधी रोजमेळ

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. करविषयक वकिली करायची आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात उभे राहायचे, हा तुझा मनोदय वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रात निवाड्यांचा उल्लेख पुष्कळ आहे, रोजमेळासारख्या रोजच्या जमाखर्चाच्या वह्यांचा मात्र एकदाही नाही, म्हणून हे लिहीत आहे.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २६०अ खाली उच्च न्यायालयात जाते ते अपील केवळ महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर ऐकले जाते. वस्तुस्थितीचा निर्णय साधारणपणे अपिलीय न्यायाधिकरणापाशीच संपतो, आणि तिथेही मुख्यतः तेच कागद वाचले जातात, जे तू करनिर्धारणाच्या वेळी दिलेले असतात.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. रावेर भागातील केळीच्या एका व्यापाऱ्याने शेतकऱ्यांना मालाचे पैसे रोखीने दिले होते. ठरावीक मर्यादेपलीकडचा रोखीचा खर्च कलम ४०अ(३) प्रमाणे नामंजूर होतो, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही, परंतु शेतमालाची किंमत थेट पिकवणाऱ्याला दिली असेल, तर नियम ६डीडी त्यातून सूट देतो. मी निवाड्यांसह लांबलचक उत्तर लिहिले. अधिकाऱ्याचा प्रश्न साधा होता: ही माणसे शेतकरी कशावरून? वहीत नुसते ‘पाटील, खिरोदा’ असे लिहिलेले. गट क्रमांक नाही, सातबारा नाही, काटापावतीवर सही नाही. पहिल्या अपिलात नवा पुरावा द्यायचा, तर तो आधी का दिला नाही याचे समाधानकारक कारण नियम ४६अ प्रमाणे दाखवावे लागते. मी गावोगाव हिंडून उतारे गोळा केले, पण तोवर काही जमिनींच्या वाटण्या झाल्या होत्या, तर काही शेतकरी हयात नव्हते. काही रकमा सुटल्या, बाकीच्या गेल्या, आणि त्या माणसाने कर भरला तो माझ्या आळसापायी, असे मी आजही मानतो.

आता बहुतेक करनिर्धारण फेसलेस झाले आहे. समोर अधिकारी नसतो, तेव्हा अशिलाचा प्रामाणिकपणा त्याच्या चेहऱ्यावरून कोणाला कळणार नाही; तो कागदातूनच कळावा लागतो. रावेर-यावलचा शेतकरी लेवा गणबोलीत सांगेल, धुळ्याकडचा अहिराणीत. त्याला मध्येच न तोडता ऐक, आणि मग तारीखवार लिहून काढ. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे कोणी बँकेत भरलेली रोकड ‘केळीची आहे’ म्हणेल. तेव्हा किती एकर, किती खोडे, माल कोणी उचलला, हे विचार. उत्तर जुळत नसेल, तर तसे त्याला स्पष्ट सांग आणि बनावट पावतीला हात लावू नकोस, मग अशील गेला तरी चालेल.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम लागू असला, तरी जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतील, दोन्ही वाच. फीची चिंता पहिली दोन वर्षे करू नकोस.

माझ्याकडे एका जिनिंगवाल्याची तीन वर्षांची दप्तरे आली आहेत. दिवाळीनंतर ये, काटापावत्या आणि रोजमेळ शेजारी ठेवून बस, आणि जिथे वजन किंवा रक्कम जुळत नाही तिथे पेन्सिलीने खूण कर. मग आपण कायद्याचे पुस्तक उघडू.

तुझा हितचिंतक