नोरासाठी नॉर्वेजियन?

प्रश्न : मी नागपूरला नाट्यशास्त्र शिकते. परीक्षेला नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधली नोरा करायची आहे. त्यासाठी नॉर्वेजियन शिकायचं ठरवलं, तर घरचे म्हणून राहिले, ‘काय कामाची ती भाषा?’
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : शीक गं, नक्की शीक. १८७९ च्या त्या नाटकात नवरा नोराला ‘लर्केफुग्ल’ म्हणतो, म्हणजे चंडोळ. हा शब्द मोठ्यानं म्हणून बघ, त्यातला लाडिकपणा जिभेवर येतो. बहुतेक नॉर्वेजियन बोलींत सूर बदलला की शब्द बदलतो: ‘शेतकरी’ आणि ‘घेवडे’ यांत फरक फक्त चढउताराचा. नटाच्या कानाला याहून चांगली तालीम कुठली?

आणखी एक. तिथं लिहिण्याच्या दोन प्रमाण रीती आहेत, बुकमोल आणि निनोर्स्क. निनोर्स्कचा पाया ईवार ओसेननं एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या बोली गोळा करून घातला. २०२३ चं साहित्याचं नोबेल मिळालेला नाटककार यून फोस्से तीतच लिहितो. तरुणपणी वऱ्हाडी उच्चारांवरून मी तालमीत बोलणी खाल्ली आहेत, म्हणून मला याचं फार अप्रूप.

आधी त्याच नाटकाचं अनंत काणेकरांनी केलेलं मराठी रूप, ‘घरकुल’, वाच. मग मूळ संहितेतला शेवटचा प्रवेश, रोज पाच ओळी, मोठ्यानं.