रिव्ह्यू वाचण्याआधी

नवीन फोनचा रिव्ह्यू वाचताना आधी बघ, फोन विकत घेतलाय की कंपनीने पाठवलाय. फुकट आलेल्या वस्तूबद्दल माणूस खोटंच लिहितो असं नाही, पण हात जरा आखडतो. खाली खरेदीची लिंक असेल तर बहुधा कमिशनही असतं.

'डिफॉल्ट', म्हणजे फोनमध्ये आधीच निवडून ठेवलेली गोष्ट, ही निव्वळ सोय असते असंही समजू नकोस. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल सर्च आधीपासून असावं म्हणून गूगलने २०२२ मध्ये अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर मोजले. अमेरिकेतल्या खटल्यात हे उघड झालं. फायरफॉक्स ब्राउझरची कमाईही (माझा आवडता, तरी सांगतो) बरीचशी गूगलकडूनच येते.

पण म्हणून सगळंच विकलेलं मानू नकोस, तो आळस झाला. पहिल्या दिवशीचे रिव्ह्यू सोड, सहा महिने फोन वापरलेल्यांच्या तक्रारी वाच.