चिप आधी, लस नंतर

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा आहे, तीन महिन्यांनी सगळ्यांनी जर्मनीला शिफ्ट व्हायचंय. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर दिलीये, कार्ड आहे. चिप तेवढी नाहीये, ती निघायच्या आठवडाभर आधी बसवली तर चालेल ना?

उत्तर : नाही हो, नाही चालणार, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. युरोपियन युनियनच्या नियमात मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप) आधी आणि रेबीजची लस नंतर (किंवा त्याच दिवशी), म्हणजे चिपच्या आधीची तुमची चार वर्षांची कार्डावरची नोंद त्यांच्या लेखी नसल्यासारखीच, कारण लस नेमकी याच कुत्र्याला दिली हे चिपशिवाय सिद्ध कसं होणार?

तुम्ही कुठून निघताय ते लिहिलं नाहीये. युनियनची देशांची एक यादी आहे, तुमचा देश त्यात असेल तर चिप, लस आणि मग २१ दिवस थांबलं की झालं. नसेल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून त्यांच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये टायटर टेस्ट (लस लागू पडली का, ते रक्तातल्या ॲन्टीबॉडी मोजून बघायची), ॲन्टीबॉडी निदान ०.५ आययू (इंटरनॅशनल युनिट) प्रति मिली हव्यात, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. (रिपोर्ट आल्यापासून नाही, हे बरंय.) बेरीज करा, चार महिने होतात, त्यामुळे तिकीट पुढे ढकला किंवा घरातल्या कुणीतरी त्याच्यासाठी मागे राहा. पण कुत्रा आणि त्याचा मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की व्यापारी आयातीचे नियम लागतात, ते जास्त कटकटीचे. हेल्थ सर्टिफिकेट मात्र अगदी शेवटी घ्या, पोचेपर्यंत दहाच दिवस चालतं.

तरी जर्मनी सोपं म्हणायचं, जपानला रक्त काढल्यावर १८० दिवस थांबावं लागतं.

प्रश्न : आफ्रिकन ग्रे पोपट पिंजऱ्यातून सोबत नेता येईल का?

उत्तर : तो २०१७ पासून साइटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, त्यामुळे निघतानाचं एक्स्पोर्ट परमिट आणि पोचतानाचं इम्पोर्ट परमिट दोन्ही लागतात, पाळीव आहे म्हणून सूट आपोआप मिळत नाही. बजरीगर किंवा कॉकाटील असता तर या करारातून सुटला असता. आणि ऑस्ट्रेलियाचा विचार असेल तर सोडाच, तिथे पाळीव पक्षी फक्त न्यूझीलंडमधूनच आणता येतो.