प्लॅन पक्का होण्याआधी झाडं मोज

आर्किटेक्टने इमारत कागदावर बसवायच्या आधी साइटवर जा. प्लॅन पक्का झाला की आपली पाहणी म्हणजे नुसती तोडायच्या झाडांची यादी उरते.

टेप खोडाभोवती जमिनीपासून दीड मीटरवर गुंडाळ; उतार असेल तर चढाच्या बाजूने मोज. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात (२०१२ची आवृत्ती) एकखोडी झाडाच्या मुळांसाठी राखायच्या वर्तुळाची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट धरतात. घेर १५७ सेंमी भरला तर व्यास ५०, म्हणजे त्रिज्या सहा मीटर. अर्थात हे वर्तुळ कागदावरचं. एका अंगाला जुना पाया किंवा रस्ता असेल तर मुळं बहुधा दुसरीकडे पसरलेली असतात. तसा आकार बदल, आणि का बदलला तेही लिही. आक्षेप नेमका तिथेच येतो.

कुंपणापलीकडची झाडं नवख्यांकडून हमखास सुटतात. मुळं हद्द बघत नाहीत, तीही नोंदव.

बुंध्याशी साचलेला पालापाचोळा हाताने बाजूला कर, कुजण्याची खूण असलेली अळंबी तिथेच दडलेली असते. खोडावर लाकडी हातोडा ठोकून आवाज पोकळ येतो का ते ऐक. वेलींनी खोड झाकलं असेल तर अंदाज ठोकू नकोस, ‘पाहणी अपुरी, वेल काढून पुन्हा बघावे’ असं सरळ लिही.