‘पोलिसात नाही झालं तर जेल पोलीस तरी’ असं ठरवू नका

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सिन्नर तालुक्यात तीन एकर रान, त्यात कांदा. लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, दोन वर्षं पहाटे उठून मैदानाचा सराव करतेय. मागच्या भरतीत पोलीस शिपाई पदाची यादी तीन गुणांनी हुकली. आता ती कारागृह शिपाई पदाचाही अर्ज भरायचा म्हणतेय आणि तुमची झोप उडाली आहे. तुम्ही लिहिलंय, "पोलीस म्हटलं की गावात मान आहे. पण गुन्हेगार बायांमध्ये रात्रंदिवस राहायचं, हे मनाला पटत नाही. उद्या सोयरीक जुळवताना लोक काय म्हणतील? तिला अडवू का?"

अडवू नका. काळजी मलाही आहे, पण ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमच्या पत्रात तिचं एक वाक्य आहे, "पोलिसात नाही झालं तर जेल पोलीस तरी." हा ‘तरी’ मला खटकला. पोलिसाची नोकरी आणि कारागृहाची नोकरी यांची भरती एकत्र निघते, खाकीही सारखीच दिसते, म्हणून मुलं दोन्ही एकच समजतात. अ‍ॅकॅडमीतही कुणी फरक सांगत नाही, तिथे सगळं लक्ष धावण्यावर आणि गोळाफेकीवर.

जागा कमी म्हणजे स्पर्धा कमी, असंही नाही. 17,471 पदांच्या भरतीत कारागृह शिपायांच्या 1,800 जागा होत्या. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 15,631 पदांना मंजुरी दिली, त्यात कारागृहाच्या फक्त 580. मैदानाचे 50 गुण आणि लेखीचे 100. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. ती तयारी तिची चालूच आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही. पोलीस शिपाई आणि कारागृह शिपाई या दोन वेगळ्या पदांसाठी वेगवेगळे अर्ज करता येतात, तेव्हा दोन्ही भरायला हरकत नाही. एवढंच, की दुसरा अर्ज भरताना त्या दाराआड काय असतं हे तिला माहीत हवं.

आत काय असतं? पहाटे बराकी उघडतात आणि गिनती होते. संध्याकाळी बराकी बंद होतात तेव्हा पुन्हा गिनती. आकडा जुळला नाही तर कुणी जागचं हलत नाही. मधल्या वेळात चहा-नाश्ता, कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्यांची नावं पुकारणं, नातेवाइकांच्या मुलाखती (तुरुंगात भेटीला मुलाखतच म्हणतात), दवाखाना, बाहेरून आलेल्या सामानाची आणि माणसांची झडती, पाण्यावरून नाहीतर झोपायच्या जागेवरून लागलेली भांडणं. रात्री पहारा. पोलीस शिपाई रस्त्यावर असतो, आज बंदोबस्त, उद्या तपास, रोज नवी माणसं. कारागृह शिपायासमोर तीच माणसं, त्याच भिंती, महिनोन्‌महिने. मोबाइल गेटवरच ठेवायचा. बराकीत बंदूक घेऊन कुणी जात नाही. हातात फार तर काठी आणि शिटी, बाकी सगळं तुमच्या बोलण्यावर.

गर्दीचंही ऐकून ठेवा. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे, आणि आत तीन हजारांहून जास्त माणसं राहिली आहेत. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात एका शिपायाच्या नजरेखाली कितीतरी जास्त माणसं असतात. म्हणून सुट्टी मिळणं अवघड, ड्यूटी लांबणं नेहमीचं. बदली तिच्या विभागात कुठेही होऊ शकते, सिन्नरहून जाऊन-येऊन करण्याची ही नोकरी नाही. दिवाळीला लेक घरी येईलच असं धरून चालू नका.

आता तुमच्या ‘गुन्हेगार बायां’बद्दल. दादा, हा शब्द तुमच्या घरातून गेला तर बरं, कारण लेक तो सोबत घेऊन आत गेली तर चुकेल. 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन न्यायाधीन आहेत. म्हणजे खटला अजून चालू आहे, न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही. कुणाला जामीन मिळालाय पण जामीनदार नाही, कुणाचा वकील फिरकत नाही. महिला विभागात काही जणींसोबत त्यांची लहान लेकरंही असतात, सहा वर्षांचं होईपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. त्या लेकराला दूध मिळालं का, हे बघणंही तिथल्या शिपाईताईच्या दिवसात येतं. महिला विभागात पहारा महिलांचाच असतो. पुरुष कर्मचारी एकटा आत जाऊ शकत नाही, ही तुमच्या मनातली एक भीती तरी कमी करणारी गोष्ट.

पण दुसरी बाजू लपवून मी तुमचं भलं करणार नाही. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मृत्यू झाला. मारहाणीच्या आरोपावरून खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. बंद दाराआड हातात सत्ता असली, थकवा असला, राग असला की साध्या घरातल्या माणसांवरही काय वेळ येऊ शकते, ते तिने या पदाचा अर्ज भरण्याआधी वाचावं. त्यासोबत आणखी एक वाचावं. मुंबईच्या एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी, तुरुंगात जात पाहून कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे बराकीत रोज सकाळी ठरतं आणि ते ठरताना समोर शिपाई उभा असतो. त्या जागी आपली लेक असेल, असं समजून वाचा.

सगळ्यात मोठा धोका मात्र हाणामारीचा नाही. माझी एक विद्यार्थिनी या नोकरीत आहे. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: "मॅडम, पहिल्या महिन्यात कुणी पैसे देत नाही. पहिल्या महिन्यात फक्त म्हणतात, ताई, एवढा निरोप घरी द्या ना." निरोप बिनापैशाचा असतो, त्यात दयाही असते. पण एकदा पोहोचवला की तो सांगणारी माणसं तुमचं नाव लक्षात ठेवतात. पुढे चिठ्ठी, मग तंबाखूची पुडी, मग मोबाइल. नाही म्हणायला गेलं की पहिल्या निरोपाची आठवण करून दिली जाते. नोकरी जाते, गुन्हा दाखल होतो.

यात घराचा वाटा असतो, म्हणून हे तुम्हाला लिहितेय. घरात कर्ज थकलेलं, भावाच्या शिक्षणाचा तगादा, वडिलांचा रोजचा फोन, अशा शिपायावर आतल्या माणसांची नजर लवकर जाते. तुम्ही पत्रात सोसायटीच्या कर्जाबद्दल लिहिलंय. लेकीच्या पहिल्या पगारातून ते फेडायचं मनात असेल तर आत्ताच तिच्याशी बसून दरमहा किती ते ठरवा, आणि बाकीचं तिच्या डोक्यावर ठेवू नका.

स्वभावाचं काय, ते मी इथून सांगू शकत नाही, तुम्ही सांगू शकता. घरात वाद झाला की ती आवाज चढवते, की गप्प बसून आठवडाभर धुमसते, की थोड्या वेळाने येऊन मुद्द्याचं बोलते? तिसऱ्या प्रकारची असेल तर तिने नक्की भरावा. धुमसणारी असेल तर मला काळजी वाटेल, कारण तिथे राग काढायला जागा नाही आणि समोरचा माणूस कुठे जाऊ शकत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आजीचं तेच ते गाऱ्हाणं ती ऐकून घेते का, हेही आठवून पाहा. मैदानातल्या गुणांपेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं.

पुढे वाट आहे का, असंही तुम्ही विचारलंय. आहे. शिपायानंतर हवालदार, मग सुभेदार, आणि त्यापुढे तुरुंगाधिकारी. हळूहळू चढायची वाट आहे ती. हातात पदवी असेल तर तुरुंगाधिकारी श्रेणी 2 च्या सरळ भरतीवरही डोळा ठेवता येईल, म्हणून बी.ए.चं शेवटचं वर्ष भरतीच्या नादात सोडू देऊ नका. या खात्याचं पूर्ण नाव ‘कारागृह व सुधारसेवा’ असं आहे. नाशिकरोड कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती विक्रीला येतात, त्या तुम्ही पाहिल्याही असतील. ते काम करून घेणारी, वेळेवर माती आणि रंग पोहोचवणारी माणसंही याच खात्यातली. नावातलं ते ‘सुधार’ खरं करायची इच्छा असलेली मुलगी आत गेली तर मला आनंद होईल.

सोयरिकीचं थोडक्यात लिहिते. लेकीच्या सरकारी नोकरीने जे स्थळ बिचकतं, ते उद्या तिच्या रात्रपाळीनेही बिचकेल. आधीच कळलेलं बरं.

आता एक करा. पुढच्या आठवड्यात एक दिवस काढून दोघं नाशिकरोड कारागृहाकडे जा. आत जायची गरज नाही. मुलाखतीच्या वेळी गेटबाहेर तासभर थांबा. पिशव्या घेऊन आलेल्या आया, बायका, लहान मुलं दिसतील. ड्यूटी संपवून बाहेर पडणारी एखादी शिपाईताई भेटली तर लेकीला एकटीला तिच्याशी बोलू द्या, तुम्ही चहाच्या टपरीवर थांबा. परत येताना एस.टी.त तिला विचारा, आता अर्ज भरायचा का. तेव्हा ती जे म्हणेल त्यात ‘तरी’ आहे की नाही, ते मला कळवा.

तुमची,
मार्गदर्शक