पवनीचा ‘मुचरिंद’: पाथरवटाची चूक?

भिवापूरकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय: पवनीच्या स्तूपातल्या खांबावर नागाचं नाव ‘मुचरिंद’ असं कोरलेलं आहे, पुस्तकांत मात्र सगळीकडे ‘मुचलिंद’. मग पाथरवटाचा हात चुकला की लेख वाचणाऱ्याचा डोळा? आणि विहाराच्या फलकावर काय लिहायचं?

कोणीच चुकलेलं नाही, गुरुजी.

आधी शिल्प पाहू. वैनगंगेकाठची पवनी भंडारा जिल्ह्याच्या पार टोकाला, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या शिवेवर. गावाच्या तीन बाजूंना जुना मातीचा कोट, चौथीला नदी. तिथल्या जगन्नाथ टेकडीत नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं १९६९-७० मध्ये खोदकाम केलं आणि टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला. याच स्तूपाच्या खांबावर पाच फण्यांचा नाग आहे आणि ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव. संबोधीनंतर, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतर, सात दिवस झड लागली, तेव्हा बुद्धांवर फणा धरणारा तो हा नागराज. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावरही तो आहे, पण तिथं ‘मुचिलिंद’, म्हणजे ल कायम.

र आणि ल यांची अदलाबदल आपल्याकडे फार जुनी. अशोकाच्या पूर्वेकडच्या, ओडिशातल्या धौलीच्या लेखात ‘राजा’चा ‘लाजा’ होतो, पश्चिमेला गुजरातेतल्या गिरनारला तो ‘राजा’च राहतो. हरिद्रेची हळद झाली, चत्वारिंशत्‌चं चाळीस झालं. आणि झाडीपट्टीत कोणाला ‘दलिंदर’ म्हणून शिवी हासडतो ना, तो मूळचा दरिद्रच!

ही सगळी र चा ल (पुढं ळ) होण्याची उदाहरणं. पवनीचा नाग उलट्या वाटेनं गेलाय, म्हणून तो जास्त मजेदार. पण ही वाटही मळलेली आहे. संस्कृत ‘आलंबन’ पालीत ‘आरम्मण’ होतं, विपश्यनेला बसणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असेल. ‘किल’चं ‘किर’ होतं. मला तर वाटतं, पूर्वेकडचे लोक र च्या जागी ल बोलतात हे इथल्या कोणाला चांगलंच माहीत असावं, आणि मुचलिंदातला ल त्याच खोडीतला समजून त्यानं तो ‘सुधारला’ असावा. हा माझा तर्क. पटला तर घ्या.

राहिला फलक. नागराजाची कथा सांगत असाल तर ‘मुचलिंद’ लिहा, पालीतलं प्रचलित रूप तेच. पवनीच्या खांबाचं चित्र लावणार असाल तर त्याखाली ‘मुचरिंद’च हवं. कोरीव लेखातलं नाव आपल्या सोयीनं दुरुस्त करायचं नसतं. आणि ‘मुचकुंद’ मात्र कुठंच लिहू नका. तो पुराणातला राजा, त्याचा या नागाशी काही संबंध नाही.