सिंथ घ्यायच्या आधी घंटा वाजव

अरे, मेसेज वाचला. कुठला सिंथ (म्हणजे विजेवर सूर तयार करणारा सिंथेसायझर) घेऊ, बजेटमध्ये काय बसेल वगैरे. घे की, नको कोण म्हणतंय, पण परवा त्या अटॅक नावाच्या नॉबने काय होतं विचारलं तर म्हणालास "काय माहीत, फिरवून बघतो", म्हणून हे लिहायला बसलो.

1963 साली लंडनला बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवेनवे आवाज बनवणाऱ्या विभागात, डेलिया डर्बिशायर होती, गणित आणि संगीत दोन्ही शिकलेली. 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेची थीम तिने केली, चाल रॉन ग्रेनरची. रॉबर्ट मूगचा प्रसिद्ध सिंथ अजून यायचा होता. हाताशी काय, तर टेस्टिंगचे ऑसिलेटर (एकसुरी आवाज काढणारी यंत्रं), टेप आणि ब्लेड. बेससाठी एकच तार छेडून रेकॉर्ड केली, टेपचा स्पीड कमीजास्त करून त्यातूनच वेगवेगळे सूर काढले, आणि मग एकेक सूर कापून चिकटवत बसायचं. टेप सेकंदाला 15 इंच पळणार, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर साडेसात इंच. लय चक्क फूटपट्टीने मोजायची! एकदा कुठेतरी एक सूर चुकत होता आणि सापडेना, तर वर्कशॉपवाल्यांनी सगळ्या टेपा लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोड कुठे जुळत नाही ते डोळ्यांनी शोधलं. एवढं करून तेव्हा टायटल्समध्ये तिचं नाव आलं नाही. ग्रेनर स्वतः म्हणत होता तिलाही क्रेडिट द्या, बीबीसीच्या नियमात बसेना. असो.

तिची एक लाडकी हिरवी लॅम्पशेड होती, ठोकली की मस्त घुमायची. डेलिया सुरुवातीचा 'टण्' कापून टाकायची आणि नुसती मागची घुमणारी शेपटी ठेवायची, मग ते काय वाजतंय कुणाच्या बापाला कळत नाही. पॅरिसमध्ये पिअर शेफर या संगीतकाराने 1948 च्या आसपास घंटेवर हेच करून बघितलेलं. अटॅक म्हणजे सूर सुरू होताना आवाज किती झटकन चढतो ते, म्हणून तुझा अटॅकचा नॉब म्हणजे तेच ब्लेड.

तर आज देवघरातली घंटा घे (आईला विचारून), फोनवर रेकॉर्ड कर, ऑडॅसिटीत (कॉम्प्युटरवर आवाज कापाजोडायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकून पहिला ठोका उडव आणि न सांगता कुणालातरी ऐकव. मग तीच स्लो-फास्ट करून चार सूर काढ. कापलेल्या जागी टक् वाजेल, तिथे बारीकसा फेड दे (आवाज हळूहळू चढव-उतरव), टेपवाले ब्लेड तिरकं धरायचे ते त्यासाठीच. फाइल पाठव, मग सिंथचं बोलू.